मागे राहिलेलं गाठोडं

आई, उद्या सकाळी मी लांबच्या वाटेला लागतोय. चाकणहून खेडला जाण्याइतकं हे सोपं नाही. दिल्लीच्याही पुढे, कुलूच्या डोंगरात जायचं आहे, आणि तिथून वर जिथवर मोटार चढेल तिथवर. इथे पिंपरीला औषधांचा एक नवा कारखाना निघाला आहे, त्यात मी मोटारींचा मिस्त्री आहे. आमच्या तरुण साहेबांना त्या डोंगरातल्या औषधी मुळ्या हव्यात. पाऊस सरला की मुळ्या खणायच्या आणि बर्फ पडायच्या आत खाली उतरायचं, एवढाच काय तो हंगाम. साहेब मुळ्या ओळखणार आणि मी जीप ओळखणार. कारखान्यातली पोरं चिडवतात, "मिस्त्री निघाले अटकेपार!" मीही हसतो. हसायला काही पैसे पडत नाहीत.

तयारी म्हणशील तर महिनाभर चालू आहे. जीप लष्कराच्या डिस्पोजलमधली, म्हणजे माझ्यासारखीच, एक लढाई करून आलेली. तिचे पाटे बदलले, ब्रेक नव्याने बांधले, वरच्या टपाला मेणकापड शिवून घेतलं. तिकडे थंडी अशी असते म्हणे की मुक्कामाला रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं, नाहीतर आतल्या आत गोठून इंजीन फुटतं. हे साहेबांनी सांगितल्यापासून मी दोनदा पाणी काढायचा नळ खोलून पाहिला. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लष्करी कोट आणला, त्यात माझ्यासारखे दोघे मावतील. खाण्याला मेतकूट आहे, लसणीची चटणी आहे, पोतंभर कांदा चाकणचाच घेतला. दशम्याही करून पाहिल्या, दुधात पीठ मळून, तू करायचीस तशा. चुलीपुढे तू बसलेली आहेस, तव्यावरची दशमी बोटांनीच उलटतेस, आणि म्हणतेस, "पान्यात मळली तर सांजंला इटंल, दुधातली चार दिस टिकती." माझ्या दशम्या दुधातल्याच होत्या, पण दुसऱ्या दिवशीच त्यांचं चामडं झालं. कारखान्याच्या दारातल्या कुत्र्यानेही एक हुंगून सोडून दिली.

निघायचं होतं दसऱ्याला. त्यापरता मुहूर्त कुठला? पण जीपमागे जोडायच्या ट्रेलरचे टायर वेळेवर आले नाहीत आणि दिवस पुढे ढकलावा लागला. साहेबांना मुहूर्ताचं काही नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, तेवढ्यात घरी नीट सांगून या. दोन महिने पत्रबित्र पोचायचं नाही." मी म्हटलं, हो साहेब. घरी कुणाला सांगणार होतो? तुझी सून गेली त्याला तीन वर्षं होतील. मूलबाळ आम्हांला झालंच नाही. खोलीला कुलूप लावलं की माझं घर सांगून झालं. पण तुला खरं सांगतो, मुहूर्त हुकला तसा मला पस्ताना आठवला. देवाधर्मात मी फारसा नसतो हे तुला ठाऊक आहे. तरी हात आपोआप चालले. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, आणि माझं अंगावरचं उपरणं. दिवसावर निघता येत नसेल तर आपलं एवढं गाठोडं त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात, आणि मग सोयीने निघताना ते उचलून तसंच वाटेला लागायचं. गाठोडं बांधून झालं, आणि ते हातात धरून मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. ठेवायचं कुणाकडे?

पाय चाकणला घेऊन गेले. आपल्या शेजारच्या कासारकाकूंच्या दारात जाऊन उभा राहिलो तर तिथे कांद्याची वखार. हमाल म्हणाला, "कोन पायजे, राव?" मी म्हटलं, इथे कासार राहायचे. तो म्हणाला, "आमी तर वखारच बगतोय पयल्यापासनं." त्याने सरकून मला पोत्यावर बसायला जागा दिली, माणूस चांगला होता. मी बसलो आणि समोरच्या भिंतीत तो कोनाडा शोधत राहिलो. भिंतच नवी होती.

त्या कोनाड्यात बाबांचं गाठोडं होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबा गाडा जुंपून मिरचीच्या भाड्याला खानदेशात निघालेत. पस्ताना कासारकाकूंकडे ठेवलेला आहे, पण बाकीचे गाडीवान ओढ्यापाशी खोळंबलेत, हाका मारताहेत, आणि बाबा त्या गडबडीत कासारांचं दार न घेताच परभारे जातात. दुपारी काकू गाठोडं घेऊन धापा टाकत येते. तोवर गाडे खेडच्या पुढे गेलेले. काकूचा चेहरा उतरला होता, तुझा नाही. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे तितंच. इसरलेली वस्तू न्यायला मानूस म्हागारी येतोच की." ते मानमोडीच्या तापाचं वर्ष होतं. बाबा तिकडेच त्या तापाने गेले. बरोबरच्यांनी येऊन सांगितलं तेव्हा सगळं उरकून कितीतरी दिवस झाले होते. तू त्यांना पाहिलंच नाहीस.

दिवस झाल्यावर काकू म्हणाली, "घिऊन जा आता ते." तू म्हणालीस, "त्येंचं हाय, ते न्हेतील." मग दरवर्षी दसऱ्याला तू त्यांच्याकडे जाऊन ते गाठोडं झटकायचीस आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचीस. मी पुण्याला मोटारींचं काम शिकून शहाणा झालो होतो. एकदा म्हटलं, आई, मेलेलं माणूस उपरणं न्यायला येत नसतं, आण ते घरी. तू पाट सरकवलास, माझ्यापुढे ताट वाढलंस आणि म्हणालीस, "मला काय ठावं न्हाई व्हय? तुला यंत्रं कळत्यात, पोरा. जेव." एवढंच. तू गेलीस त्या दिवशी काकूनेच ते आणून तुझ्या उशाशी ठेवलं, आणि ते तुझ्याबरोबर गेलं. त्या दिवशीसुद्धा मला ते काकूंचं खुळच वाटलं होतं.

चाकणहून परत आलो तेव्हा दिवे लागले होते आणि चाळीत पोरं सोनं वाटत फिरत होती. आमच्या भिंतीला भिंत लागून एक जोडपं राहतं, तिकडचं मोगलाईतलं, बीडकडचं. तो फिटर आहे, दुपारपाळीला असतो. तिच्याशी माझं बोलणं नळावर पाणी आलं की नाही एवढंच. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, बाई, एवढं ठेवाल का, परवा-तेरवा घेऊन जातो. तिने हात पदराला पुसले. "काय हाय काका ह्यात?" मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि डब्यांच्या फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी जागा केली. मग म्हणाली, "कामून एवढ्या लांब जायलात? परत कवा येताल?" मी म्हटलं, दिवाळी होऊन जाईल. "मग फराळाचं बाजूला ठिवते," ती म्हणाली, आणि मला आपट्याची दोन पानं देऊन तिने वाकून नमस्कार केला. परत कधी येणार, हे मला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी खोलीत आलो आणि दार लावून रडलो, आई. चांगला अर्धशतकाकडे झुकलेला घोडा, पण रडलो.

कोनाड्यात तू काय सांभाळत होतीस ते मला त्या पोरीच्या दारात कळलं. बाबा येणार नाहीत हे तुला आमच्या सगळ्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. पण गावातल्या दुसऱ्या एका घरात त्यांची जागा होती, आणि ती त्यांच्यासाठी राखलेली होती.

टायर आले. आज सामान चढवून झालं, जीपच्या नाकावरचा दसऱ्याचा झेंडू सुकलाय पण मी तो काढला नाही. ही चिठ्ठी टाकायला कुठली पेटी नाही, तेव्हा ती त्या मोठ्या कोटाच्या आतल्या खिशात जाईल. आणि एक सांगायचं राहिलं. उद्या निघताना मला शेजारचं दार वाजवून गाठोडं घ्यायला हवं. मी घेणार नाही. बाबा विसरले होते. मी मुद्दाम विसरणार आहे. त्या पोरीला वाटेल, म्हातारा घाईत विसरला, आता न्यायला येईल. ती ते फळीवरच राहू देईल.