पालकांचा मोबाईल नंबर

३ ऑगस्ट, शनि.
आजपासून एम.बी.ए. वय ४४. शनि.-रवि. जळगाव, रावेरहून पहाटेची एसटी. फॉर्मवर ‘पालकांचा मोबाईल नंबर’ असा रकाना. रिकामा ठेवते म्हटलं तर क्लार्क म्हणे, “मॅडम, कॉम्प्युटर पुढं जात नाही.” नवऱ्याचा द्यावा? तो काय माझा पालक? वडिलांचा, आबांचा दिला.
भाऊंनी शनिवार सोडलाय, पण अटीवर. सतरा वर्षं त्यांच्या केळीच्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहे, तरी अट! पहिल्या वर्षी एक जरी विषय राहिला तर शनिवार परत त्यांचा. “शनिवारीच दिल्लीच्या गाड्या भरतात, ताई.” जसं काही मला ठाऊकच नाही.

२४ ऑगस्ट, शनि.
दांडी. दोन गाड्या एकदम लागल्या, भाऊंना नाही म्हणवलं नाही. दुपारी आबांचा फोन :
“काय व, कुठी भटकू राह्यली? कालेजात गेली नही म्हने तू!”
कॉलेजनं त्यांना मेसेज धाडला होता. ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे.’ शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. जन्मभर लोकांच्या बागेत केळी कापली आबांनी, वय ७६. मी शाळेत होते तेव्हा कधी ओरडले नाहीत, ते आज ओरडले. हसून हसून पोट दुखलं. मग लाजही वाटली. आता दांडी नाही.

१० एप्रिल
प्रोजेक्ट : केळीची वाहतूक. गटात मी आणि तीन पोरं, पंचविशीच्या आतली. रोहननं स्लाइड केल्या. देखण्या. एक बाग, एक दिवस, एक ट्रक!
अरे, बाग एका दिवसात कापतात का? घड मागेपुढे भरतात, दोन-तीन फेऱ्या होतात. सगळं दिसत होतं आणि मी गप्प. स्लाइडवरच्या इंग्रजीला भ्यायले. स्वतःचा इतका राग आलाय की…

२५ एप्रिल, शुक्र.
शेवटी रोहनला फोन. “काकू, उद्या प्रेझेंटेशन आहे, आता कसं बदलणार?” यात नापास म्हणजे शनिवार गेला.
आबांकडे गेले. त्यांनी बागेतून दोन फण्या आणून दिल्या, एक कोवळी, एक भरलेली. “केयी डोयानं नही पाह्यत, हातानं पाह्यतात. तुह्या मास्तरले हात लावाले सांग.”

२६ एप्रिल, शनि.
हुश्श!! ऊन ४४. एसटीत फण्या मांडीवर, लेकरासारख्या.
रोहनची तिसरी स्लाइड आली आणि मी उभी राहिले. मराठीतच सुरू केलं. बाहेरून आलेले परीक्षक, टाय वगैरे. म्हटलं, सर, डोळे मिटा. बोटं फिरवा. कडा लागतात ती फणी दिल्लीला जाईल. गोल लागते ती भुसावळच्या पुढं गेली तर वाटेतच पिकेल. दोन्ही एकाच बागेतल्या, एकाच दिवशीच्या. आता एका ट्रकात भरायच्या का?
त्यांनी खरंच डोळे मिटले! तीनदा चाचपलं. मग रोहनकडं वळून म्हणाले, “हे स्लाइडमध्ये का नाही?” रोहन लाल. मीच म्हटलं, चूक माझी, मी वेळेवर बोलले नाही. पुढची वीस मिनिटं मीच बोलत होते. कोण थांबवतंय!
बाहेर आल्यावर रोहन म्हणाला, “ताई, पुढच्या वर्षी पण आमच्याच गटात हं.” काकूची ताई झाले.

१४ जून, शनि.
रिझल्ट. मला कळायच्या आधी आबांना. ‘आपला पाल्य सर्व विषयांत उत्तीर्ण. प्रोजेक्टमध्ये वर्गात प्रथम.’ आबा मोबाईल घेऊन बुद्धविहारात गेले, चहाच्या टपरीवर गेले, आणि तिथून थेट पॅकहाउसवर. भाऊंच्या हातात मोबाईल दिला, “वाचा बरं मोठ्यानं.” भाऊंना गाडीवाल्यांसमोर वाचावं लागलं! मी पेट्यांच्या मागं उभी, डोळे पुसत.
दुसऱ्या वर्षाच्या शनिवारांचं विचारलं. भाऊ म्हणाले, “सीझन पाहून सांगतो.” सांगू देत.
फॉर्म आणलाय. भरायला बसले तर आबा शेजारी येऊन बसले. मी ‘पालकांचा मोबाईल नंबर’ वाचलं, तसं त्यांचं रकान्यावर बोट.
“इथी माह्याच नंबर टाक.”
टाकला.