बोगद्यातील दुसऱ्या बाईंचा शोध घेण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक (सार्वजनिक करमणूक स्थळे),
विभागीय सुरक्षा कार्यालय.

विषय : बाहुल्यांच्या बोगद्यात राहून गेलेल्या दुसऱ्या महिलेचा शोध घेणे, तसेच माझी सही रद्द करणे.
संदर्भ : उद्यान व्यवस्थापनाचे दि. २ मार्चचे उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, माझी थोरली बहीण (यापुढे ‘ताई’) पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचे फोन घेते. तिच्या पायांत बळ नाही. ती विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीतून फिरते. दि. ११ फेब्रुवारी रोजी तिच्या हट्टाखातर आम्ही दोघे सदर उद्यानात गेलो. सकाळभर तिची खुर्ची माझ्या पुढेच पळत होती आणि “चल की रे, म्हातारा झालास का?” असे ती मला ओरडून विचारत होती.

२. बाहुल्यांच्या बोगद्यात बोटीतून जावे लागते. खुर्ची बोटीत मावत नसल्याने कर्मचाऱ्यांनी ती बाहेर पडण्याच्या दाराशी नेली व मी ताईला उचलून बोटीत बसवले. ११.५० च्या सुमारास वीज जाऊन बोटी जागीच थांबल्या, बोगद्यात सतत वाजणारे गाणेही बंद पडले. टॉर्च घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने चालता येणाऱ्यांना कडेच्या अरुंद वाटेने बाहेर काढले. मला तो म्हणाला, “तुम्ही खुर्चीपाशी थांबा, ताईंना आम्ही आणतो.” ताईही म्हणाली, “जा रे, मी काय पळून जातेय!” मी गेलो.

३. दाराशी पर्यवेक्षकाने माझ्यापुढे एक कागद धरला. खुर्चीची पोच असेल असे समजून मी न वाचता सही केली. त्यावर ‘माझ्यासोबतच्या सर्व व्यक्ती सुखरूप बाहेर आल्या’ असे छापलेले होते. त्यानंतर दार बंद झाले, पाळी बदलली. नव्या माणसांना मी तीनदा हात जोडले. तिन्ही वेळा तोच कागद दाखवण्यात आला. “आत कोणी नाही साहेब. ही सही तुमचीच ना?” सही माझीच होती. दोन तास चाळीस मिनिटे मी रिकाम्या खुर्चीला धरून उभा होतो.

४. वीज आल्यावर ताईला बाहेर आणले. ती रडली नाही. खुर्चीत बसताच मागे वळून तिने विचारले, “पुढच्या बोटीतल्या बाईंना कधी आणणार?” आणणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढची बोट रिकामी होती.

ताईच्या सांगण्यानुसार, अंधारात बराच वेळ गेल्यावर पुढून आवाज आला, “घाबरू नका. माझाही भाऊ खुर्चीपाशी गेलाय. येईलच.” ताईने विचारले, “कधी गेलेत?” त्यावर बाई म्हणाल्या, “तेव्हा इथलं गाणं वेगळं होतं.”

५. सदर आवाज ध्वनिमुद्रणाचा भाग असावा, असे व्यवस्थापन कळवते. वीज नसताना ध्वनिमुद्रण कसे वाजले, याचा खुलासा उत्तरात नाही. बोगद्यातील गाणे सहा वर्षांपूर्वी बदलले, असे तिकीट खिडकीवरील बाईंनी मला सांगितले. ताईचा जन्म अनोळखी आवाज ऐकण्यात गेला आहे. माणूस कोणता आणि यंत्र कोणते, हे तिला कळते. हल्ली ती तक्रार लिहून घेण्याआधी प्रत्येकाला विचारते, “तुमच्याजवळ कोणी आहे ना?” त्याबद्दल कार्यालयाने तिला ताकीद दिली आहे. मला स्वतःला आता कुठेही सही करणे जड जाते. या अर्जावरची सही चौथ्या खेपेस जमली.

६. सबब विनंती की, माझी ती सही रद्द समजावी. गाणे बदलण्यापूर्वीचे तसले सर्व कागद काढून, त्यांत एखाद्या भावाची सही आहे का हे पाहावे व तो हयात असल्यास त्याला कळवावे. तसेच आम्हा दोघांना एकदा, वीज बंद ठेवून, त्याच बोटीत बसण्याची परवानगी मिळावी. त्या बाईंना कोणीतरी शोधते आहे, एवढे ताईला त्यांना सांगायचे आहे. व्यवस्थापनाने कितीही सांगितले तरी या खेपेस मी बोटीतून उतरणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, ताईचा धाकटा भाऊ
दि. १४ मार्च

सोबत :
१. सही केलेल्या कागदाची प्रत
२. व्यवस्थापनाचे उत्तर
३. त्या बाईंचे बोलणे, ताईने आठवून लिहिलेले (पाने अकरा)