वहिनीच्या खिडकीखालून मुकाट जावे

मी, वरच्या मुद्रांकावर जिचे नाव आहे ती, वय एकाहत्तर, अविवाहित, आयुष्यभर औषधांच्या दुकानात काम केलेली आणि आता घरी असलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर तेही इथे लिहिले असते. माझा आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे काही आमच्या चर्चच्या मंडळीला देऊन वहिनीला फक्त जिन्याच्या दाराची कडी ठेवली होती. तेव्हा ते मला फार झोंबणारे वाटले होते.

१. घर. आमचे घर दुमजली असून चर्चच्या आवाराला लागून आहे. वडिलांनी खालचा मजला माझ्या नावे केला, वरचा दादाच्या. दादा गेल्यावर वरचा मजला वहिनीचा झाला आणि तो तिचाच आहे. त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही आणि तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्यानेही, इतक्यात काही लिहून घेऊ नये.

दोन मजल्यांमधल्या जिन्याला वरच्या बाजूने दार आहे. माझी आई गेली त्या आठवड्यात चर्चच्या पायऱ्यांवर, चार माणसांदेखत, वहिनी म्हणाली, “औषधं वेळच्या वेळी दिली हो नणंदबाईंनी. जवळ म्हणून कधी बसल्या नाहीत.” मी दिवसभर दुकानात उभी राहत होते म्हणून ती औषधे घरात येत होती. वहिनीचे ते म्हणणे मला आजही मान्य नाही, हे नोंदवून ठेवते. मी तिला जे उत्तर दिले ते नोंदवण्यासारखे नाही. त्याच संध्याकाळी तिने जिन्याच्या दाराला वरून कडी घातली.

दादा होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जात-येत. तो गेल्यावर तेही थांबले. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी शेजारच्याचा हात हातात घेऊन “तुम्हाला शांती असो” म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही दोघी बाकांच्या दोन टोकांना बसत असू, म्हणजे तो प्रसंगच येऊ नये. जो जो नवा पाळक आला त्याने समेटाचा प्रयत्न केला. प्रत्येकाला मी चहा दिला आणि वाटेला लावले.

मग एका दुपारी कडी निघाल्याचा आवाज झाला. वहिनी जिना उतरून माझ्या स्वयंपाकघरात आली. मी नुकतीच दुकानातून परतले होते, पांढरा कोट अजून अंगात होता. ती म्हणाली, “बाई, तुम्ही इथं नवीन का?” मला वाटले, टोमणा आहे. टोमणा नव्हता. कडी का घातली होती तेच ती विसरली होती. आणि मी कोण, तेही.

तेव्हापासून ती मला नर्स समजते. मी तिला आंघोळ घालते, भरवते, वेणी घालते, आणि ती मला तिच्या नणंदेबद्दल सांगते.

“खालीच राहते. फार खाष्ट. तोंड उघडलं की एरंडेल.”

“ऐकून आहे मी.”

“तुम्हाला काही बोलली तर मला सांगा हं. मी बघते तिच्याकडे.”

“सांगते.”

इतक्या वर्षांत आम्हा दोघींचे एखाद्या बाबतीत एकमत झाले ते हेच.

आता खालच्या मजल्याविषयी. मंडळीतल्या शिंपीणबाई नवरा गेल्यापासून चर्चच्या मागे एका खोलीत भाड्याने राहतात. वहिनीचे असे झाल्याचे कानावर येताच त्या आपले शिलाई मशीन उचलून तिच्या खोलीत घेऊन आल्या. “शिवायचं काय, कुठंही शिवता येतं,” एवढेच म्हणाल्या. त्यांना कुणी पाठवले नव्हते. पाळकसाहेबांनी शेजारप्रीतीवर उपदेश केला त्या रविवारी त्यांची जागा रिकामी होती आणि दोघीतिघींनी मागे वळून पाहिलेही. त्या वेळी त्या वहिनीची चादर बदलत होत्या. त्या बायकांनी हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहिले आहे.

माझा खालचा मजला, सामानसुमानासह, शिंपीणबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहायला द्यावा. वहिनी आहे तोवर तिला सांभाळावे, एवढी एकच अट. त्यांच्या पश्चात तो मंडळीकडे जावा आणि ज्याला कुणी नाही अशा माणसाला तिथे ठेवावे. भिंतीवर माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटी पुसायला पुन्हा माणूस लागतो.

हे कलम लिहीत असताना वहिनी खाली येऊन माझ्यासमोर बसली. “काय लिहिता हो एवढं?”

“घराचं लिहितेय.”

“माझ्या नणंदेला विचारलंत का? घर तिचंही आहे.”

विचारले आहे, असे मी सांगितले. जिन्याच्या दाराची कडी मी काल सुताराकडून काढून घेतली. ती पुन्हा बसवू नये.

२. हत्यारे. पितळी तराजू, वजने आणि चिनी मातीचा खल दुकानातल्या कंपाउंडरला द्यावा. त्याचे अक्षर सुधारले तर बरे होईल, पण ती मी अट घालत नाही. माझी कॉलेजची पुस्तके जुनी झाली आहेत. त्यातली निम्मी औषधे आता कुणी देत नाही. रद्दीत घालावीत. वाईट वाटून घेऊ नये, मी वाटून घेतलेले नाही.

३. बँकेतली ठेव. वहिनीचे औषधपाणी आणि तिला सांभाळणारीचा घरखर्च यासाठी वापरावी. उरेल ते भाच्याला.

भाचा वाईट मुलगा नाही. लांब असतो, त्याला त्याचा संसार आहे, आणि लांबून सगळ्याच गोष्टी सोप्या दिसतात. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, “आत्या, इथं एक चांगलं ठिकाण आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात. आणि तसंही आईला कुठं काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

“तू तरी किती दिवस पुरणार आहेस?”

तो चुकून खरे बोलला. माझ्या आजाराचे त्याला तेव्हा माहीत नव्हते. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. दादाचे मनगटी घड्याळ त्याला द्यावे. ते मागे पडते. त्याच्या बापासारखेच आहे.

४. माझा पांढरा कोट. हे कलम कुणी हसण्यावारी नेऊ नये. वहिनी चेहरा ओळखत नाही, कोट ओळखते. एकदा मी तो धुवायला टाकून साडीवर तिच्यासमोर गेले, तर तिने मला हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवले आणि “इथं पेशंट आहे, भेटायची वेळ संपली,” म्हणाली. म्हणून कोट शिंपीणबाईंना देते. बाह्या त्यांना लांब होतील. त्या आपल्या हाताने आखूड करतील. माझ्यानंतर त्यांनी तो घालून तिच्याकडे जावे आणि दार वाजवून “मी आलेय” म्हणावे. मी तेवढेच म्हणते.

५. माझे दफन. याच कलमासाठी मी हे सगळे लिहायला बसले आहे. पाळकसाहेबांना ते पटलेले नाही, म्हणून कारणासकट लिहिते.

आमच्याकडे मंडळीतले माणूस गेले की चर्चची घंटा वाजते. मग पेटी घरातून निघते आणि सगळी मंडळी गीत गात आवारातून मागच्या कबरस्तानात जाते. मी तरुणपणापासून त्या गाण्यात खालचा सूर धरत आले आहे. मंडळीतल्या कितीतरी माणसांना मी गात पोचवले आहे. वडिलांना, आईला, दादालाही. दादाच्या वेळी वहिनी पेटीच्या डाव्या बाजूला होती, मी उजव्या. आपल्या वेळीही कुणीतरी असेच गाईल, हे मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात वहिनीला ताप भरला. स्त्रीसभेच्या बायका भेटायला आल्या. प्रेमाने आल्या, फळे घेऊन आल्या. गीतांची पुस्तके आणायला मात्र विसरल्या. पुस्तकाशिवाय सगळ्यांना सगळी कडवी पाठ असलेले गीत आमच्याकडे एकच आहे, कारण तेच सर्वांत जास्त वेळा म्हणावे लागते. त्यांनी पलंगाभोवती उभे राहून तेच म्हटले. मी थर्मामीटर झटकत होते, माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

वहिनीने डोळे उघडले. “कोण गेलं?”

खजिनदारबाई म्हणाल्या, “कुणी नाही हो. तुमच्यासाठीच म्हणतोय आम्ही.”

“माझ्यासाठी? म्हणजे मी गेले?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. वहिनी हसली नाही. एकेकीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “मग माझी नणंद गेली. खालची. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.” आणि तिने तोंडावर पदर घेतला.

मी तिच्याजवळ बसले. म्हटले, “बोलावून आणू का तिला?”

“ती नाही यायची. मानी आहे. मीच खाली जायला हवं होतं.”

मी पांढऱ्या कोटात होते. माझे नाव सांगितले, दोनदा सांगितले. ती म्हणाली, “तुम्ही चांगल्या आहात बाई, पण उगाच समजूत घालू नका.”

दुसऱ्या दिवशी ती सगळे विसरली होती. गीत, बायका, नणंद गेल्याचे, सगळे. पण तिने अन्न सोडले. घास तोंडाशी नेला की डोळे भरून यायचे आणि मला विचारायची, “बाई, मी का हो रडतेय?” कारण तिच्याजवळ उरले नव्हते, दुःख उरले होते. आणि ज्याला कारणच नाही त्यावर माझ्या दुकानात औषध नव्हते. शिंपीणबाई आणि मी पाळीपाळीने बसून चमच्या-चमच्याने तिला पुन्हा खायला लावले. तेव्हा आम्ही दोघी होतो.

तिची खिडकी आवारावर उघडते. म्हणून माझी इच्छा, विनंती नव्हे, अशी : माझ्यासाठी घंटा वाजवू नये. पेटी मागच्या दाराने काढावी. त्या वाटेवरही वहिनीची खिडकी चुकत नाही, तेव्हा तिच्याखालून मुकाट जावे. आवारात आणि कबरेपाशी कुणीही, एक कडवेही, गाऊ नये. पाळकसाहेबांनी वचन वाचावे, पण व्यासपीठावरच्या आवाजात नव्हे. ज्यांना हुंदके आवरत नाहीत त्यांनी घरी थांबावे. मला राग येणार नाही. त्या वेळी शिंपीणबाईंनी कोट घालून वहिनीजवळ असावे. माझ्या दफनाला त्यांनी येऊ नये.

वहिनी अधूनमधून विचारते, “नणंद बरी आहे ना हो?” मी “बरी आहे” म्हणते. माझ्यामागेही तेच उत्तर द्यावे. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, हे खोटं होईल.” मी त्यांना सांगितले की त्याचा जाब प्रभूला मी देईन, तुम्ही दिलात तर लांबेल.

त्यावर ते म्हणाले, “तुम्ही साऱ्यांसाठी गायलात. मंडळीला एकदा तुमच्यासाठी गाऊ द्या.”

गावे. पण वहिनी गेल्यावर. आमच्या कुटुंबाच्या जागेत दादाच्या एका बाजूला तिची जागा राखलेली आहे, दुसऱ्या बाजूला माझी. ती बदलून माझी तिच्या शेजारी करावी. तिच्या दफनाच्या दिवशी घंटा मोकळेपणी वाजवावी, खिडकी सताड उघडावी, आणि ते गीत सगळ्या कडव्यांनिशी दोघींसाठी एकदमच म्हणावे. खालचा सूर कुणीतरी धरावा. तो नसला की गाणे हलके पडते.

या सगळ्याची अंमलबजावणी पाळकसाहेबांनी करावी. पटले नसले तरी ते करतील, एवढी मी त्यांना ओळखते.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला. खाडाखोड नाही.

सही : (वर मुद्रांकावर नाव असलेली, वहिनीची नणंद)

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमक्ष केली :
१. आमचे डॉक्टर (सही)
२. औषध दुकानाचे मालक (सही)

शिंपीणबाई सहीच्या वेळी वर वहिनीपाशी होत्या. त्यांना यातून घर मिळते, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण : राहते घर, खालचा मजला, स्वयंपाकघर
तारीख : ११ फेब्रुवारी