ह्यांचं रिव्हॉल्व्हर

३ जून, मंगळवार

पोलीस स्टेशनातून फोन. लायसन्स ह्यांच्या नावाचं, हे राहिले नाहीत, मग हत्यार दुकानात किती दिवस जमा ठेवणार, असं विचारत होते. वारसाच्या नावावर करा, विका, नाहीतर सरकारजमा करा. बोलणारा माणूस सभ्य होता, घाई नाही म्हणाला, म्हणजे घाई आहे.

संध्याकाळी जनार्दनभाऊजी आमच्या पिठाच्या गिरणीवर. मी मिरच्या दळत होते, ठसका लागला तरी हलेनात. वहिनी, सही द्या, मी माझ्या नावावर करून घेतो, तुम्हा बायांना काय करायचाय त्याचा. सख्खे दीर, मनाने वाईट नाहीत. पण मोरिवलीत बांधावरून भांडण निघालं की पहिली गचांडी भाऊजींनीच धरलेली असते. त्यांच्या कमरेला ते लटकतंय असं डोळ्यांपुढे आलं.

मी म्हटलं, माझ्याच नावावर करणार आहे मी.

कुठून आलं तोंडात, देव जाणे. बोलून बसले.

४ जून

पूर्वा हसतेय कालपासून. "आई, तू ते कधी हातात तरी घेतलंयस?"

नाही घेतलं. हे एमआयडीसीतल्या कंपन्यांना कामगार पुरवायचे. तेव्हा पगार रोख असायचा, पैसे बँकेतून गाडीत घालून आणायचे, म्हणून लायसन्स काढलं. पुढे पगार खात्यात जायला लागले, पण ते राहिलंच. बाहेर जाताना ह्यांच्या कमरेला, एरवी कपाटात, शालूच्या मागे. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'ते'.

माझा संबंध फक्त खंडेनवमीला. हे पाटावर ठेवायचे, मी हात लांब करून ओलं हळदकुंकू वाहायची, अक्षता टाकायची आणि मागे सरायची. आधी हे नाक मुरडायचे. नंतर काय झालं कोण जाणे, स्वतःच पाट मांडायला लागले. वर मलाच सांगायचे, अगं, जरा सढळ हाताने वाहा. एरवी देवाला हात जोडायचे तेही घड्याळ बघत.

हे जाऊन चार महिने झाले. शालू तिथेच आहे.

९ जून

नावावर करायचं तर चालवायचं शिकल्याचा दाखला लागतो. ठीक. शिकवतं कोण?

अंबरनाथमध्ये कराटे, झुंबा, केक, मेंदी, परदेशी भाषा, सगळ्याचे क्लास आहेत. ह्याचा नाही. उल्हासनगरात विचारलं तर एकाने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, काकी, कुणाशी वाजलंय का? दाखला देणारा क्लब आहे तो पार लांब, आणि तिथे नंबर लागेपर्यंत माझे केस पिकतील. राहिलेले.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या दुकानातल्या शेठनी वाट दाखवली. हत्यारांचं दुकान, आमचं तेच त्यांच्याकडे जमा आहे. म्हातारे सिंधी गृहस्थ, सगळ्यांना साईं म्हणतात. बदलापुरात एक निवृत्त हवालदार आहेत, पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली, बंद भातगिरणीत पोरांना हवेचं पिस्तूल शिकवतात. त्याला लायसन्स लागत नाही. नाव कदम.

१४ जून, शनि.

बदलापूर. कदम सरांनी कशाला शिकायचंय विचारलंच नाही. हात पुढे करा म्हणाले. केला. बघत राहिले. मग, "काय करता?" पिठाची गिरणी चालवते. "तरीच." बस, एवढंच.

हवेचं पिस्तूल हातात दिलं नाही. पाण्याची भरलेली बाटली दिली. ही धरून उभ्या राहा. मला वाटलं चेष्टा करतायत. थोड्या वेळात खांद्यातून अशी कळ निघाली की बाटली त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

रिकामं असो, भरलेलं असो, तोंड कधीही माणसाकडे नाही. बोट चापावर नाही. दहादा म्हणवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

२१ जून

आज धरलं.

कसं लिहू. पुढे एक बारीक उंचवटा असतो, सर त्याला माशी म्हणतात. म्हणाले, कागद बघू नका, काळं वर्तुळ बघू नका, फक्त माशी. श्वास अर्धा सोडा आणि थांबा. मी थांबले. भातगिरणीच्या पत्र्यावर पाऊस बडवत होता, तो ऐकू येईना. छातीतला ठोका माशीवर दिसत होता. माझा स्वतःचा, बारीक हलणारा. इतकी वर्षं आत चाललाय आणि मी आज पाहिला.

चाप कधी सुटला कळलंच नाही. छर्रा कागदावर कोपऱ्यात, वर्तुळाच्या बाहेर. सर म्हणाले, छान. खोटं बोलत नाहीत ते, म्हणून रडू आलं. वेड्यासारखी रडले.

२ जुलै

घरी भिंतीला टिकली लावलीय, बाटली धरून तिच्यासमोर उभी राहते. पू. म्हणते ध्यान लावलंयस. गिऱ्हाईक येतं, दळण ठेवून, बघून, न बोलता जातं. गावात काय काय पसरलं असेल.

शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेरचा आवाज एकदम मिटतो ना, तसं होतं. रोज नाही. झालं की दिवसभर पुरतं.

१९ जुलै

आज एक छर्रा मधोमध. काळ्याच्याही मधोमध. मी सरांकडे बघितलं, सर कागदाकडे. "आता विसरा तो," म्हणाले. कसला विसरतेय. कागद पर्समध्ये.

९ ऑगस्ट, शनि.

राखी असून भाऊजी बदलापुरात टपकले. वहिनी खरंच शिकतात की नुसतीच हवा, ते बघायला. सरांनी आदराने बसवलं, हवेचं पिस्तूल हातात दिलं. दिल्या दिल्या बोट चापावर, आणि "वहिनी, बघा आता" म्हणत सगळं धूड माझ्याकडे वळलं. हात पिस्तुलासकट.

सर पुढे झाले, मनगट धरून खाली केलं, काढून घेतलं. भाऊजींचा चेहरा पडला. रिक्षात माझ्या शेजारी बसून आले, अंबरनाथ येईपर्यंत बाहेरच बघत. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

१४ ऑगस्ट

नाही म्हणजे नाही द्यायचं त्यांना. काही झालं तरी. पण हरकत नाही अशी घरातल्या सगळ्यांची सही लागते, त्यांची नसेल तर माझा अर्ज पुढे जात नाही, आणि ते सही देत नाहीत. अडून बसलेत.

३१ ऑगस्ट, रवि.

सर आम्हा तिघा शिकणाऱ्यांना आपल्या ओळखीवर क्लबच्या रेंजवर घेऊन गेले. खरं. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, ह्यांच्यासारखंच.

आवाज कानात नाही होत, हाडात होतो. कान झाकलेले असून. पहिल्या गोळीला मी डोळे मिटले, दुसरीला नाही. हात वर उडतो आणि आपोआप परत जागेवर येतो, जनावरासारखा. समोर कागदाला भोक. कागदामागे मातीचा ढिगारा, त्यात ती गेली, आत कुठेतरी गरम असेल. एवढंसं बोट हलवलं मी. एवढंसंच.

दाखला मिळाला. तिथला शिकवणारा म्हणाला, काकूंचा हात सुंदर आहे. कुणीतरी माझ्या कुठल्याही गोष्टीला सुंदर म्हटल्याला किती वर्षं झाली.

घरी आल्यावर बराच वेळ हात धुतला नाही. त्याला वास होता.

१३ सप्टेंबर, शनि.

कॅम्प दोन. ह्यांचं रिव्हॉल्व्हर बघून घ्यावं म्हणून सरांना बरोबर नेलं. शेठनी कपडा अंथरला, वर ठेवलं. सर घोडा, तो मागून गोळीवर आपटणारा, मागे ओढायला गेले. अर्धा आला आणि अडला. सर वाकले, भिंग मागितलं. मग शेठ वाकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाभी, इसमें तो पूरी पूजा भरी पडी है."

घोड्याच्या खाचेत हळदकुंकवाचा थर. वर्षानुवर्षांचा, तेलात भिजून दगड झालेला, खाली गंज. सरांनी सुईने टोकरलं तसा लालपिवळा भुगा कपड्यावर पडत राहिला. मग एक अक्षत निघाली. तांदळाचा अख्खा दाणा, काळा पडलेला, घोडा आपटतो बरोबर तिथे.

मला हसू आलं. शेठपण हसले. दर निवडणुकीला जमा व्हायचं, परत यायचं, आत कुणी डोकावलंच नाही म्हणजे. म्हटलं, इतकी वर्षं आम्ही हे घेऊन निर्धास्त झोपलो!

सर हसले नाहीत. ह्यांच्या गोळ्यांची डबी उघडून एकेक बघत होते. एक बाजूला काढली, मला दिली. बुडावर मधोमध हलकीशी खूण. टिकलीएवढीही नाही.

"ताई, हे कधीतरी चालवलं गेलंय. चाप ओढलाय. घोडा पोचला नाही, म्हणून गोळी उडाली नाही."

ह्यांनी कधी ओढला? कुणावर?

१४ सप्टें.

भाऊजींना घरी बोलावलं. गोळी पुढ्यात ठेवली. बघितली आणि बसले, खुर्ची नव्हती तिथेच, उंबऱ्यावर.

मग सांगितलं ते पूर्वा पोटात होती तेव्हाचं. पगाराची रोकड घेऊन हे आणि भाऊजी बारवी धरणाच्या रस्त्याने येत होते. एकाने मोटरसायकल आडवी घातली, कोयता घेऊन ह्यांच्या खिडकीशी आला. ह्यांनी ते काढलं.

"दादानं दाबला व्हता, वहिनी. त्याच्या छातीवर धरून दाबला. वाजलाच नाय. नुसता कट झाला. तो मानूस पांढरा पडला नि पळाला. दादा गाडीतच ओकला."

आणि तुम्ही?

"मी सीटच्या खाली व्हतो." मग उंबऱ्यावर नख ओढत, "म्हनून पायजे मला ता. परत कदी खाली बसायचा नाय म्हनून."

मी चहा केला. दुसरं काय करणार. जाताना थांबून आणखी सांगितलं. तो माणूस ह्यांच्याकडचाच जुना कामगार निघाला, ह्यांनी तक्रार केली नाही. आता देवळाकडे नारळ विकतो.

१५ सप्टें.

दिवसभर एकच चाललंय डोक्यात.

पूर्वा पोटात होती. ह्यांनी स्वतः पाट मांडायला सुरुवात केली ती पूर्वाच्या जन्मानंतरच्या खंडेनवमीला. मला पक्कं आठवतंय, ती पाळण्यात होती, आणि मी म्हटलं होतं, आज सूर्य कुठून उगवला. तेव्हापासून दर वर्षी. सढळ हाताने वाहा.

म्हणजे ह्यांनी घरी येऊन उघडून पाहिलं. काय अडकलं होतं ते कळलं त्यांना. आणि साफ केलं नाही. पुढे इतकी वर्षं कमरेला लावून हिंडले, भांडणाच्या जागी गेले, लोक बिचकून राहिले. आणि दर वर्षी माझ्याकडून वर आणखी…

मला एक शब्द सांगितला नाही. राग येतोय. आणि अंगावर काटा येतोय, जात नाही. असा माणूस माझ्या शेजारी झोपत होता आणि मी त्याला कंजूष, तुसडा, काय काय म्हणत होते.

१७ सप्टें.

शिवमंदिराकडे गेले. तिसऱ्या हातगाडीवर तोच असावा, भाऊजींनी सांगितलं होतं तसा, डाव्या भुवईत खोक. पिकलेला, मागे सुनेने नातवंड झोपवलेलं. मी नारळ मागितला. त्याने तीन उचलले, कानाशी हलवून दोन ठेवून दिले, एक मला दिला. "हा घ्या ताई, पाणी भरपूर आहे."

मी त्याच्या छातीकडे बघत उभी राहिले. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. श्वास वर खाली चाललेला.

आणखी काही हवंय का, त्याने विचारलं.

२४ सप्टें.

भाऊजी सही करून कागद देऊन गेले. न मागता. "दादाचा हाय, तुमीच ठरवा." पाय धरावेसे वाटले, ते दिराचे धरत नाहीत म्हणून लाडू दिले.

आता सगळं माझ्यावर. शेठचा निरोप: साफ झालंय, तेल दिलंय, सरांनी स्वतः तपासलंय, घड्याळासारखं चालतंय.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी

सकाळी गिरणीची पूजा. जात्याला झेंडू, मोटारीला कुंकू. मग ताट घेऊन कॅम्प दोन. शेठच्या दुकानातही आज सगळ्या हत्यारांना हार. सरांनी बजावलं होतं, फूल वाहा, कुंकू नको.

कपड्यावर ते. काळं, लखलखीत. इतकं देखणं आहे हे मला माहीत नव्हतं. शेठच्या परवानगीने हातात घेतलं, रिकामं आहे ना बघितलं, तोंड भिंतीकडे, बोट बाहेर. माझ्या मापाचं बसलं. श्वास अर्धा सोडला आणि माशी अशी थांबली, जशी कधीच थांबली नव्हती. ठोकासुद्धा दिसला नाही.

खाली ठेवलं. चिमटीत कुंकू घेतलं, हात घोड्याच्या खाचेवर नेला. शेठनी बघितलं, आणि लगेच वळून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले.

सोडलं नाही. ठेवलंही नाही परत ताटात. मूठ मिटून रिक्षात बसले, घरी येईपर्यंत तळवा लाल.

परवा अकराला लायसन्सच्या साहेबांनी बोलावलंय. विचारतील, बाई, कशाला हवंय. चालवता येतं, दाखला आहे, हे सांगता येईल. वेळ आली तर माझं चुकणार नाही, हेही आता मला ठाऊक आहे. ह्यांना नेमकं तेच नको होतं.

विकलं तर कुणाच्या कमरेला जाईल. सरकारजमा केलं तर ह्यांचं एवढं जपलेलं… आणि ठेवलं तर कसं ठेवू, साफ की…

पू. विचारतेय परवा कुठली साडी नेसणार. तेही ठरलेलं नाही.