खुर्ची ज्याची त्याने आणायची

तीर्थरूप बाबा,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

मावशीकडे माझं उत्तम चाललंय. आईला एवढंच वाचून दाखवा, पुढचं तुमच्यासाठी आहे.

"शाळा बदलली म्हणून काय झालं, पुस्तकं तीच," असं तुम्ही म्हणाला होतात. पुस्तकं तीच आहेत हो! पण सरकारी शाळेत खुर्ची ज्याची त्याने मागच्या खोलीतून उचलून आणायची असते, हे कोण सांगणार होतं? जुन्या शाळेत माझ्या बाकावर माझं नाव चिकटवलेलं असायचं. इथे कोणीतरी जागा दाखवेल म्हणून मी शहाण्यासारखी दारात थांबले. बाई आल्या, शिकवू लागल्या, आणि मी तास संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी! सगळ्यांना वाटलं, मला शिक्षाच झालीय.

वर तुम्ही नातेवाइकांना सांगितलंत, की शाळा मीच बदलून मागितली. मला विचारलं तरी होतंत का? दुकान चालत नाही, एवढं खरं सांगितलं असतंत, तर मी चकार शब्द काढला नसता.

आता मी आधी खुर्ची पकडते, मग दप्तर ठेवते. वर्गात शेजारी बसणारी ठेंगणी म्हणते, "पहिल्या दिवशी किती बावळट दिसत होतीस गं!"

तुमचा खोकला कसा आहे? औषध घेता, की तिथेही थापाच?

आणि पुढच्या वर्षी धाकटीला इथे पाठवणार असाल, तर तिला सगळं खरं सांगून पाठवा. खुर्चीचं मी बघते. तिच्या पहिल्या दिवशी दोन आणेन.

रागावलेली, तरी तुमचीच,
मोठी