आणि इतर

प्रिय ताई,

“हे ‘आणि इतर’ म्हणजे कोण गं?” असं परवा तू मला विचारलंस. वाचनालयातल्या संगणकासमोर उभी राहून, पडद्यावर बोट टेकवत तू नावांची यादी शेवटपर्यंत वाचली होतीस. “असंच लिहितात शेवटी,” मी म्हणाले. ते उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. जेवढं कळलंय तेवढं लिहिते.

ही मोफत, खुली संगणकप्रणाली आमच्या गटाने वाचनालयांसाठी मराठीत आणायला घेतली, तेव्हा मी नावावरून किती भांडले ते तुला ठाऊक आहे. सगळे तिला तिच्या आतल्या गाभ्याच्या नावाने ओळखतात. पण ज्यांनी आधी वर्षानुवर्षं खपून भोवतीची अवजारं, म्हणजे रोजच्या कामाचे छोटे प्रोग्राम, लिहिली आणि जगाला देऊन टाकली, त्यांचं नाव कुणी घेत नाही. मी बैठकीत हटूनच बसले, की दोघांचं नाव लागणार नसेल तर मी नाही. गट चालवणारे आमचे मास्तर वैतागले, “अहो बाई, एवढं लांब नाव पडद्यावर मावायचं कसं?” शेवटी मावलं. घरी येऊन मी तुला हे सगळं ऐकवलं, तर शिलाई मशीनवर पाय मारता मारता तू म्हणालीस, “बरोबर आहे की. बेतणारा एक, शिवणारा दुसरा आणि मिरवणारा तिसराच.”

तो तिसरा कोण, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शब्द अडला की मी तुझ्याकडेच यायचे. केलेली चूक मागे घ्यायच्या बटणासाठी शब्दकोश चाळून ‘पूर्ववत करा’ घेऊन आले, तर ओठांत टाचणी धरून तू हसलीस. “अगं पंडितीणबाई, चुकलेली टीप आपण काय करतो? उसवतो ना? मग ‘उसवा’ म्हण की सरळ.” खिडकी लहान करायला ‘दुमडा’, प्रणालीत मागाहून जोडायच्या दुरुस्तीच्या तुकड्याला ‘ठिगळ’. असे तीनशे बारा शब्द तुझ्या मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी उतरवून घेतले.

श्रेयाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नावापुढे शिक्षण आणि संस्था लिहायचा रकाना मीच घातला, कुणी मागितला नव्हता. घरातली पहिली पदवीधर ना मी, ती पदवी कुठेतरी छापून यायला हवी होती. मग तुझं नाव लिहिलं. पुढे ‘आठवी, शिवणकाम’ लिहिलं. त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि ती पुसली. घाईत राहून गेली नाही, ताई. पुसली. तिथे ‘आणि इतर’ लिहिलं.

परवाच्या कार्यक्रमात ग्रंथपालबाईंनी विचारलं, “हे ‘उसवा’ कुणाला सुचलं हो? फार गोड आहे.” तू तिसऱ्या रांगेत होतीस. उरल्यासुरल्या कापडातून तू शिवलेली आच्छादनं मागे सगळ्या संगणकांवर होती. मी म्हणाले, “गटात चर्चा होऊन ठरलं.” सगळ्यात आधी टाळी वाजवलीस ती तू. परतताना फक्त म्हणालीस, “बोललीस छान. पण खांदे पाडून उभी होतीस, एवढा फिटिंगचा ड्रेस शिवला तो वाया.” तुझ्या मशीनच्या वर माझं पदवीपत्र चौकटीत लावलंयस. दोन दिवस मला त्या भिंतीकडे बघवत नाहीये.

तू रागावलीस का, हे विचारायला मी लिहीत नाही. तोंडावर सांगितलं असतं तर “जाऊ दे गं” म्हणून तू मलाच सोडवलं असतंस. म्हणून हे पत्र तुझ्या मापाच्या वहीत ठेवते आहे. आज सकाळी मी गटाला सगळं जसंच्या तसं कळवलं. मास्तरांचं एका ओळीचं उत्तर आलं, “ताईंना सांगितलंत का?” यादीतला तो रकाना मी काढला आहे, माझ्या नावापुढचासुद्धा. ‘आणि इतर’ आता कुठेच नाही. ‘शब्द’ या मथळ्याखाली तुझं पूर्ण नाव आहे, एकटंच. दुपारी या दुरुस्तीचं ठिगळ सगळ्या वाचनालयांकडे गेलं. प्रत्येक ठिगळासोबत कारण लिहावं लागतं आणि ते कुणालाही, कधीही वाचता येतं. मी लिहिलं, “हे नाव चुकून राहिलं नव्हतं. मी काढलं होतं.” खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

तुझीच,
पंडितीणबाई