भिंतीवरचा जार

११ फेब्रुवारी
टाकीतून भरलेला सकाळचा जार छान. अर्ध्या तासात गाळ तळाला, वर नितळ पाणी. नेहमीसारखा मैलापाणी प्लांटच्या कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवला, तांड्याच्या बाजूने. पाणी बिघडलं तर शहराआधी तुम्हाला दिसेल, हा मी तांड्याला दिलेला शब्द.
देवसिंगभाऊ आला, जार पाहिला, साफ पाण्याचा कॉक उघडून आपल्या गव्हाला पाणी सोडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सख्खा मोठा भाऊ. अबोल्याचं चौथं वर्ष.

१२ फेब्रुवारी
त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. हा प्लांट नको म्हणून चौकात मीच गरजलो होतो: शहराचा मैला तांड्याच्या उशाशी चालणार नाही! त्या भाषणावर भाऊ आठ दिवस रस्त्यावर धरणं धरून बसला. मग मी वाचत गेलो, दोन-तीन गावचे प्लांट पाहून आलो, आणि त्याच चौकात उभा राहून बोललो की मी चुकलो, नाल्यातलं कच्चं पाणी याहून वाईट. वर इथली नोकरी घेतली.
"मले उन्हात बसवलं अन् स्वतः सावलीत खुर्ची टाकली." भाऊचं शेवटचं वाक्य.
मत बदलणं गुन्हा नाही, हे आज टाकीला ऐकवलं. मैला खाणाऱ्या कोट्यवधी जंतूंची सभा. टाळी नाही.

१४ फेब्रुवारी
ब्लोअर बंद. बेअरिंग गेलं. मिस्त्री पांढरकवड्याला, "उद्या येतो ना भाऊ." टाकीत हवा नाही म्हणजे जंतू गुदमरणार.
संध्याकाळी तांड्यावर लेंगीचा, होळीच्या गाण्यांचा सराव. डफ इथवर ऐकू येतो. होळीला यंदाही भाऊचं बोलावणं नसणार.

१५ फेब्रुवारी
मिस्त्री नाही. सडक्या अंड्याचा वास. जार काळा, गाळ वर तरंगतोय. ठेकेदाराचा सुपरवायझर आला.
"काय नेते, हे काय मांडून ठेवलं? आत घ्या."
"काहून?"
"लोकायले दिसते ना! रजिस्टरात परवाचेच आकडे टाका. दोन दिवसाचा तं प्रश्न आहे."
एरवी अर्धा तास बोललो असतो. तोंड उघडलंही. समोर भाऊचा गहू, दाणा भरून राहिलेला. त्याच्या विहिरीने तळ गाठलाय, आता शेवटची पाळी फक्त या पाण्याची. जार पाहिला तर तो पाणी घेणार नाही, पाळी चुकणार.
जार आत घेतला. गव्हासाठी, असं स्वतःला सांगितलं.

१६ फेब्रुवारी
भाऊ आणि वहिनी आले. वहिनी अनवाणी, फावडं घेऊन सरीत. भाऊने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. थांबला. मला वाटलं, परत जाईल. त्याने कॉक उघडला.
चार वर्षं तोंड पाहत नाही, आणि माझ्या रिकाम्या भिंतीवरही विश्वास ठेवतो!
जार घेऊन धावलो. "भिया, बंद कर! वहिनी, बाहेर निघ!" भाऊ म्हणायचं तर लहानपणचं भिया निघालं.
कॉक बंद झाला. वहिनीचे पाय घोट्यापर्यंत काळे. भाऊने जार पाहिला, मग मला.
"कालच ठेवला नाही काहून?"
इतक्या सभा गाजवल्या. जार भिंतीवर ठेवला, बस.

१८ फेब्रुवारी
बेअरिंग बसलं. रजिस्टरात खरं लिहिलं. सुपरवायझरने लेखी खुलासा मागितलाय. दोन ओळींत दिला. जार काळाच, पण भिंतीवर.

२३ फेब्रुवारी
जार तपकिरी. बरा. भाऊ रोज येतो, लांबूनच पाहून जातो. गव्हाची पानं सुकत चालली. वहिनीला पाय धुवायला साबणाची वडी भिंतीवर ठेवली होती, तशीच आहे.

२७ फेब्रुवारी
जार नितळ. भिंतीवर ठेवला, इकडे खोलीच्या पायरीवर बसलो.
भाऊ आला. जार उचलला. उन्हाकडे धरून पाहिला. मग झाकण लावून खदाखदा हलवला, सगळं गढूळ करून टाकलं, आणि परत भिंतीवर ठेवला. माझ्या हातचं नितळ त्याला नको होतं.
कॉकजवळ उकिडवा बसला. गाळ बसायची वाट पाहतोय.
हे लिहितोय तेव्हा दहा मिनिटं झालीत. तो तिकडे, मी इकडे. सांगावंसं वाटतं की अजून वीस लागतील. वहीतच लिहितो.